मागच्या डाव्या चाकावरचा ठिपका

पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. नऊ महिने झाले होते.

पत्र तुरुंगातून आले होते. वहीच्या फाडलेल्या पानावर चौदा ओळी. अक्षर गिचमिड, पण एकही ओळ वाकडी नाही. लिहिणारा होता ब्रेकवाला. शहराच्या खालच्या अंगाला, उतार संपतो तिथे, त्याचे गॅरेज होते. गाडीच्या ब्रेकशिवाय दुसऱ्या कामाला तो हात लावत नसे, म्हणून त्याला सगळे त्याच नावाने ओळखत. पत्रात तक्रार नव्हती, विनवणीही नव्हती. शेवटी एक प्रश्न होता.

‘साहेब, मागच्या डाव्या चाकावरचा लाल ठिपका तुम्ही पाहिला होता का?’

पोथीसाहेबांनी ते पत्र तीनदा वाचले आणि जाड शब्दकोशात ठेवून दिले. उत्तर एका शब्दाचे होते. पाहिला होता, किंवा नव्हता. पण त्यांना आठवत नव्हते. ज्या अहवालावर एक माणूस तुरुंगात गेला, त्या अहवालातली गोष्ट आठवत नाही, हे त्याच माणसाला कसे कळवायचे, या विचारात दिवस गेले. मग महिने गेले. मग शब्दकोश उघडायचीच त्यांना भीती वाटू लागली. अडलेला शब्द ते बायकोला विचारू लागले.

एकतीस वर्षे त्यांनी मोटार निरीक्षकाची नोकरी केली होती. अपघात झालेली गाडी तपासायची आणि कारण लिहायचे, हे काम. नियमाचे पुस्तक उघडल्याशिवाय ते पान हलवत नसत, म्हणून कचेरीत त्यांना पोथी म्हणत. यांना वेळ विचारली तर आधी घड्याळाचा कागद शोधतील, असे शिपाईसुद्धा म्हणे. निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना ही शेवटची गाडी त्यांच्यापुढे आली होती.

गाडी एका मोजणीदाराची. जमिनी मोजणारा, पन्नाशीचा, उंच माणूस. गाडी जुन्या बांधणीची होती. चारही चाकांच्या ब्रेकला तेल पोचवणारी वाट एकच. त्या वाटेत कुठेही हवा शिरली की पेडल मऊ पडते आणि चारही चाके दगा देतात. पाइप गंजले होते. ब्रेकवाल्याने सगळे नवे घातले, हवा काढली आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी ताब्यात दिली. शुक्रवारी सकाळी सातला मोजणीदार उतारावरून खाली येताना वळणावर गाडी थांबलीच नाही. समोर दगडी भिंत होती.

पोथीसाहेबांनी गाडी तपासली. गळती नव्हती. सगळे सांधे घट्ट होते. तेलाची डबी काठोकाठ भरलेली होती. तीन चाकांतून स्वच्छ तेल आले. मागच्या डाव्या चाकातून नुसता फेस. त्यांनी लिहिले, ‘पाइप बदलल्यानंतर ब्रेकमधील हवा पूर्ण काढली गेली नाही. मेकॅनिकची हयगय.’

अडीच वर्षांची शिक्षा झाली. अटकेपासून धरून त्यातले चौदा महिने झाले होते.

त्या सोमवारी सकाळी दार वाजले, तेव्हा पोथीसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. बाहेर एक बाई उभी होती. बोटांना शिवणाच्या सुईचे टोचे. तिने स्वतःची ओळख सांगितली नाही. पोथीसाहेबांनी तिला कोर्टात पाहिले होते.

“त्यानं तुम्हाला पत्र लिहिलं होतं,” ब्रेकवाल्याची बायको म्हणाली.

“हो.”

“मिळालं?”

“मिळालं.”

ती थांबली. पोथीसाहेब आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

“मग हरवलं असेल,” ती म्हणाली.

‘हरवलं’ म्हणून तिने त्यांना सुटायला वाट करून दिली होती. त्यातून निसटावे असे त्यांना फार वाटले.

“नाही,” ते म्हणाले. “आहे माझ्याकडे.”

तिला त्यांनी बसायला सांगितले. आतून त्यांची बायको चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. पाहुणी बोलत होती. अपिलाची तारीख पुढच्या बुधवारी होती. वकील म्हणत होता की निरीक्षकाचा शब्द निरीक्षकच फिरवू शकतो, दुसरे कोणी नाही. एवढे सांगायला ती दोन बस बदलून आली होती.

पोथीसाहेबांनी ठिपक्याबद्दल विचारले.

तो तिच्या नेलपॉलिशचा होता. ब्रेकची हवा काढायला चाकामागच्या लोखंडी पाटीवर एक छोटा स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. काम संपले, निपल आवळला, की ब्रेकवाला त्याच्यावर आणि पाटीवर मिळून एक लाल ठिपका टेकवायचा. निपल केसभर जरी फिरला तरी ठिपका फुटणार. अकरा वर्षांत तिच्या सात बाटल्या अशा संपल्या. नखांना एकदाही लागली नाही, असे ती म्हणाली. ते सांगताना ती किंचित हसली, आणि मग हसल्याचे तिला वाईट वाटलेले दिसले.

दुसरी सवय काठीची. हवा काढून झाली की तो पेडल दाबून धरायला सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवून ठेवायचा, रात्रभर. कुठे गळत असले किंवा हवा राहिली असली की काठी सैल होऊन पडते. मोजणीदाराच्या गाडीतली काठी गुरुवारी सकाळी तिने स्वतः उभी पाहिली होती. कोर्टात तिने ते सांगितले, तेव्हा सरकारी वकील म्हणाला होता, नवऱ्यासाठी बायको काठीसुद्धा उभी करील. लोक हसले होते. पोथीसाहेबही त्या खोलीत होते.

“तुम्ही त्याच्या कामावर असायचात?” त्यांनी विचारले.

“पेडलवर मीच बसायचे. हवा काढायला दोन माणसं लागतात ना. तो चाकामागं, मी वर. तो ‘दाब’ म्हणाला की दाबायचं. पाय आधी कडक लागतो. मग तो खाली निपल उघडतो, आणि पेडल पायाखालून हळूहळू बुडत जातं. पार तळाला टेकलं तरी पाय उचलायचा नाही. त्यानं निपल बंद केला, ‘सोड’ म्हणाला, की मगच सोडायचं. आधी उचलला तर बाहेरची हवा आत. सगळं काम पाण्यात.”

पोथीसाहेबांनी ते वहीत उतरवून घेतले. एकतीस वर्षांत ते कायम चाकाच्या बाजूला राहिले होते. पेडलवर बसलेल्या माणसाला काय जाणवते, हे त्यांनी कधी कुणाला विचारले नव्हते.

ती गेल्यावर त्यांनी माळ्यावरून खोके काढले. गाडीला हात लावण्याआधी फोटो, हा पुस्तकातला नियम त्यांनी त्याही दिवशी पाळला होता. चार चाकांचे चार फोटो, मागे स्वतःच्या अक्षरात वेळ. ते भिंग घेऊन खिडकीशी बसले.

पुढचे दोन्ही ठिपके अखंड. मागचा उजवा अखंड.

मागचा डावा मधून चिरलेला होता. निपलवरचा अर्धा भाग पाटीवरच्या अर्ध्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकला होता. भिंगाशिवायही दिसत होता.

“अहो, काय झालं?” बायकोने विचारले.

“दिसतोय,” ते म्हणाले. “तेव्हाही दिसत होता.”

धडकेने निपल फिरला असेल का? गाडीचा पुढचा भाग चेपला होता. मागे ओरखडाही नव्हता. हादऱ्याने फिरला असेल? तीन-चार किलोमीटरच्या रस्त्यात आवळलेला निपल फिरत नाही. आणि हादऱ्याने फिरला असता तर सैल सापडला असता. तो घट्ट होता, हे त्यांच्याच अहवालात होते. म्हणजे ब्रेकवाल्याने ठिपका लावल्यानंतर कुणीतरी तो निपल उघडला आणि पुन्हा आवळला. गुरुवारी संध्याकाळ ते शुक्रवारी सकाळ. आणि त्या वेळात गाडी एकाच ठिकाणी उभी होती.

मंगळवारी ते मोजणीदाराच्या घरी गेले. घर उताराच्या माथ्यावर होते. खाली मोजणीदाराची बायको एकटी राहत होती आणि वर त्याचा धाकटा भाऊ. भावाने दार उघडले. तो शीतगृहात कामाला होता, जाड स्वेटर घालूनच वावरत होता. निरीक्षक पुन्हा कशाला आले, हे त्याने विचारले नाही. शेड दाखवा म्हटल्यावर किल्ली घेऊन पुढे निघाला.

“त्या गुरुवारी रात्री तुम्ही घरी होता?”

“रात्रपाळी. रात्री आठला गेलो, सकाळी आठला आलो. शीतगृहाचं दार बाहेरून बंद होतं, साहेब. आतले आत, बाहेरचे बाहेर. हजेरीपट आहे.”

“गाडीला तुम्ही कधी हात लावायचा?”

भाऊ हसला. “दादाच्या गाडीला? एकदा काच पुसत होतो तर म्हणाला, उभी पुसायची की आडवी ते आधी ठरव. मेकॅनिककडे द्यायलाच त्याला चार महिने लागले. परत आणली तर लगेच म्हणत होता, पेडल बोटभर जास्त जातंय. ब्रेकवाला म्हणाला होता, नवीन काम आहे, थोडी चालवा, सोमवारी आणा, तोवर हात लावू नका. दादाला ‘हात लावू नका’ म्हणणं म्हणजे…” त्याने वाक्य सोडून दिले.

“तुमच्याशी पटायचं त्यांचं?”

“नाही,” भाऊ शांतपणे म्हणाला. “कुणाशीच नाही. मला निदान जिना होता.”

शेडच्या भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर नंबरवारीने नटबोल्टचे पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच कळावे. एकच बाह्यरेषा रिकामी होती. सगळ्यात लहान पाना.

“हा कुठं आहे?”

भावाने खांदे उडवले. दादा गेल्यापासून शेडमध्ये कुणी आलेच नव्हते.

जमीन हिरव्या रंगाने रंगवलेली होती. मागच्या भिंतीजवळ, डाव्या हाताला, ताटाएवढ्या जागेत तो रंग फुगून सुटला होता, आणि खालचे सिमेंट दिसत होते. पोथीसाहेब गुडघ्यांवर बसले. ब्रेकचे तेल रंग खाते. एका रात्रीत सोलून काढते.

“गाडी शेडमध्ये कशी उभी असायची?”

“तोंड दाराकडं. सकाळी थेट बाहेर काढता यावी म्हणून.”

म्हणजे इथे मागचे डावे चाक.

“आधीची गळती असेल,” पोथीसाहेब पुटपुटले. त्यांना पटकन काही खरे वाटत नसे. “जुने पाइप गळत असतील.”

“गळायचे. पण हा रंग नवा आहे, साहेब. गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये होती, तेव्हाच दादानं लावून घेतला. वहिनी दोन दिवस दारात बसून होती, कुत्रंबित्रं जाऊ नये म्हणून.”

नव्या रंगावर ती गाडी एकच रात्र उभी राहिली होती.

मोजणीदाराच्या पत्नी बैठकीच्या खोलीत वाट पाहत होत्या. चाळिशी उलटलेल्या, बारीक, हात मांडीवर जोडून. खोलीत सगळ्या वस्तू एकमेकींपासून सारख्या अंतरावर होत्या. चौदा महिन्यांत त्यांनी काही हलवले नव्हते.

“त्या संध्याकाळी गाडीचं काही काम काढलं होतं का त्यांनी?”

“मला माहीत नाही. मी घरात होते.”

“तुम्ही गाडी चालवता?”

“मी कधी स्टिअरिंगमागे बसलेसुद्धा नाही. पेडल कुठलं कशाचं ते विचाराल तर सांगता येणार नाही.”

“सकाळी ते कुठं निघाले होते? त्यांची कचेरी तर वरच्या बाजूला आहे.”

“ब्रेकवाल्याकडे. पेडल मऊ लागतंय म्हणाले. त्याच्या दारात नेऊन उभी करतो म्हणाले.”

“मऊ म्हणजे कसं, काही बोलले?”

बाईंनी क्षणभर विचार केला. “आधी कडक लागतं. मग पायाखालून हळूहळू बुडत जातं. तळाला टेकेपर्यंत.”

पोथीसाहेबांनी ते लिहून घेतले, आभार मानले आणि निघाले. बसमध्ये त्यांनी वहीची मागची पाने चाळली. सोमवारच्या पानावर थांबले. ते पान त्यांनी घर येईपर्यंत उलटले नाही.

त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोने कारण विचारले, तर म्हणाले, माझी चूक होत असेल. ती म्हणाली, एकदा झाली आहे, आता दुसरी होईल म्हणून घाबरता, पहिलीला मात्र नऊ महिने काही केलं नाहीत. ती असे क्वचित बोलत असे. दुसऱ्या दिवशी ते जुन्या कचेरीत गेले. अपघाताच्या वेळी गाडीत सापडलेल्या वस्तूंची पोलिसांची यादी त्यांनी मागून घेतली. सातव्या नंबरवर होते, ‘पाना, लहान, एक. चालकाच्या शर्टाच्या खिशात.’

गुरुवारी ते परत मोजणीदाराच्या घरी गेले. भावालाही खाली बोलावून घेतले. पोथीसाहेबांना माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि समोरच्या फरशीकडे पाहत बोलू लागले.

“मला वाटतं, ब्रेकवाल्याचं काम बरोबर होतं. हवा राहिली असती तर त्याची काठी रात्रीतच पडली असती. मागचं डावं चाक पेडलपासून सगळ्यात लांबचं. त्याची हवा तो आधी काढतो. तिथंच चुकला असता तर पेडल घट्ट झालंच नसतं. त्यानं ठिपका लावला. तो नंतर फुटला. तो निपल या घराच्या शेडमध्ये उघडला गेला. तेल जिथं सांडलं, तिथला रंग उडालाय.”

भाऊ पुढे सरकून बसला. “कुणी उघडला?”

“तुमच्या दादांनी. त्यांच्या गाडीला दुसरं कोण हात लावणार? पेडल बोटभर जास्त जात होतं. सोमवारपर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाटीवरचा लहान पाना त्यांच्याच खिशात सापडला. तो ब्रेकवाल्याला दाखवायला घेऊन निघाले असतील. बघ, मी स्वतः हवा काढली, तरी तुझं काम मऊ, असं म्हणायला.”

“म्हणजे दादानंच स्वतःच्या हातानं…”

“नाही,” पोथीसाहेब म्हणाले. “ते काम एकट्यानं होत नाही. एक चाकामागं, एक पेडलवर. चाकामागचा माणूस नियमानं वागला, आणि पेडलवरच्यानं पाय आधीच उचलला, तर प्रत्येक वेळी हवा आत ओढली जाते. तेलाची डबी तशीच भरलेली राहते. बाहेरून काही कळत नाही. माझ्यासारख्याला तर नाहीच कळत.”

पोथीसाहेबांनी वहीचे पान उलटले.

“तुम्ही त्या रात्री शीतगृहात होता,” ते भावाला म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. “बाई, हवा असलेलं पेडल आधी कडक नसतं. पहिल्यापासून लोळागोळा असतं. दोन-तीनदा मारलं की थोडं वर येतं. तुमच्या मिस्टरांना त्या सकाळी तसंच लागलं असणार. तुम्ही मला सांगितलंत ते वेगळं आहे. आधी कडक, आणि मग पायाखालून बुडत जातं. ते फक्त एकाच माणसाला जाणवतं. खाली कुणी निपल उघडत असताना जो वर पेडल दाबून बसलेला असतो, त्याला.”

भावाने वहिनीकडे पाहिले.

“पाय दुखत होता का?” पोथीसाहेबांनी विचारले. आपण तिला बाहेर पडायला वाट देतो आहोत, हे त्यांना विचारता विचारताच कळले.

“नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज होता तसाच होता. “पहिल्यांदा चुकून उचलला. ते ओरडले म्हणून मी दचकले. पाय उचलला ते त्यांना कळलं नव्हतं. तेल रंगावर सांडलं म्हणून ओरडले होते.”

“मग?”

“मग प्रत्येक वेळी उचलला.”

“त्यानं हवा आत जाते, हे माहीत होतं तुम्हाला?”

“बसवायच्या आधी त्यांनी तीनदा सांगितलं होतं. आणि माझ्याकडून म्हणून घेतलं होतं. पाय उचलला तर काय होतं, सांग. पुन्हा सांग.” त्यांनी मांडीवरचे जोडलेले हात सोडवले. “एकदा तरी त्यांनी केलेलं काम बिघडावं असं वाटलं मला. एवढंच वाटलं. शेवटी त्यांनी खालून विचारलं, घट्ट झालं का? मी हो म्हटलं. ते हात धुवायला गेले.”

“आणि सकाळी?”

“सकाळी बसले, पेडल दाबलं आणि ब्रेकवाल्याला शिव्या घातल्या. मला म्हणाले, गेट उघड. मी उघडलं.”

“तेव्हा सांगता आलं असतं.”

“हो.”

“का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर ते गाडीतून उतरले असते,” बाई म्हणाल्या.

भाऊ उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला. बावीस वर्षे वरच्या मजल्यावर त्याने खालचा आवाज ऐकला होता, आणि रेडिओ मोठा केला होता. शेवटी तो म्हणाला, “वहिनी, तो माणूस चौदा महिने आत आहे.”

“चौदा महिने आणि सहा दिवस.”

मग त्यांनी पोथीसाहेबांना विचारले, “माझं नाव लिहाल?”

“मी ठिपक्याबद्दल लिहीन. रंगाबद्दल, पान्याबद्दल. माझ्या चुकीबद्दल. तेवढ्यानं तो बहुतेक सुटेल. पाय मला फोटोत दिसत नाही, बाई. तो तुम्ही सांगायचा.”

“नाही सांगितला तर?”

पोथीसाहेबांनी वही मिटून खिशात ठेवली.

बाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लहान पिशवी होती. दोन जोड कपडे, कंगवा, चष्म्याचे घर. पिशवी आत्ता भरलेली नव्हती. तिच्यावर धुळीचा थर होता आणि धरल्याच्या जागी चार बोटे उमटली होती. भावाने ती पाहिली आणि तोंड फिरवले. मग त्याने पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली, आणि दोघे पोलीस चौकीच्या रस्त्याला लागले. बाई एक पाऊल मागून चालत होत्या. कोपऱ्यापाशी भाऊ थांबला, त्यांना बरोबर येऊ दिले, आणि मग दोघे वळले.

शुक्रवारी सकाळी पोथीसाहेबांनी वकिलाकडे प्रतिज्ञापत्र दिले. बारा पाने, मुद्द्यांना नंबर, फोटो जोडलेले. ते लिहायला त्यांना चार तास लागले. पत्राला दोन दिवस लागले.

शब्दकोश त्यांनी टेबलावर आणून ठेवला होता. एक कागद भरायचा, फाडायचा, दुसरा घ्यायचा. पहिल्यात माफी इतकी लांबली की उत्तर पुढच्या पानावर गेले. दुसऱ्यात नियमांची कलमे आली. बायको टोपलीतले कागद पाहून म्हणाली की जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लिहिणाऱ्याला स्वतःच्या चार ओळी जमेनात. मग तिने खरेच विचारले, वकील त्याला सगळे सांगणारच आहे, तर हे पत्र कशाला?

“त्यानं वकिलाला विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “मला विचारलं होतं.”

रविवारी दुपारी पत्र झाले. त्यांनी ते बायकोला वाचायला दिले.

‘तुमचे पत्र मला नऊ महिन्यांपूर्वी मिळाले. हरवले नव्हते.

मागच्या डाव्या चाकावरचा ठिपका माझ्या फोटोत आहे. तो फुटलेला होता. मी तो पाहिला नाही, कारण गाडीपाशी जाण्याआधीच कारण काय लिहायचे ते मी ठरवून टाकले होते. पाइप नवे, पेडल मऊ, म्हणजे मेकॅनिक चुकला, असे मी पूर्वीही बऱ्याचदा लिहिले आहे. त्यांतले किती बरोबर होते, हे आता मला माहीत नाही.

तुमची काठी उभी होती. तुमच्या पत्नीने कोर्टात सांगितले ते खरे होते. लोक हसले, तेव्हा मी गप्प बसलो.

तुमचे काम बरोबर होते.’

तिने वाचले, घडी घातली आणि परत दिले. शेवटच्या ओळीखाली जागा उरली होती. तिथे त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले आणि हुद्द्याची जागा कोरी ठेवली.

पाकिटावर तुरुंगाचा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकले, म्हणून त्यांनी पाकीट बदलले. मग स्वतःच चपला घालून निघाले. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी एक शाळकरी मुलगी आपले पत्र टाकत होती. तिचे होईपर्यंत ते मागे उभे राहिले. नंतर त्यांनी पाकीट आत सोडले, तळाशी पडल्याचे ऐकले, आणि पेटीवर लिहिलेली टपाल काढण्याची वेळ वाचली. सोमवार, सकाळी नऊ. तुरुंग त्याच जिल्ह्यात होता. मंगळवारी मिळेल. सुनावणीच्या एक दिवस आधी.